साठ पाहुणे आणि तीन ससे

मीरा आणि ईशान, तुमच्या आजीने एकदा एका जेवणात पंचेचाळीस माणसांना फसवलं. त्यांतली बरीचशी आमच्याच मराठी मंडळाची, म्हणजे हा दिवाळी अंक ज्यांच्या घरी जाणार तीच. तेव्हा तुम्ही मेलबर्नमध्ये हे वाचाल त्या आठवड्यात इथे डच मुलखात, डीमनमध्ये, माझा फोन सारखा वाजत असेल. वाजू दे. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवताना मधल्या काही ओळी गाळेल. ती अडखळली की कुठे अडखळली ते विचारा.

आधी माझं काम. ईशान, तू शाळेत सांगितलं होतंस की माझी आजी करी विकायची. करी विकणं वेगळं, केटरिंग वेगळं. दुकानातलं गिऱ्हाईक आवडलं नाही तर शेजारच्या दुकानात जातं. केटरिंगमध्ये साठ माणसं एका जागी, एका वेळी, भुकेली बसलेली असतात आणि त्यांना दुसरीकडे जायची सोय नसते. म्हणून हे काम जितकं चवीचं, तितकंच शिस्तीचं. माणशी किती पळ्या, कोणतं पातेलं किती वाजता उतरलं, कोणत्या डब्यावर कोणती चिठ्ठी. माझ्या शाकाहारी पळ्यांच्या दांड्यांना हिरवी पट्टी गुंडाळलेली असे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी मटणाची पळी उचलून थेट बटाट्याच्या भाजीकडे नेली, तेव्हा मी भर पंगतीत त्यांचं मनगट धरलं. मामा लग्न संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. भाजी वाचली.

ही शिस्त मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लोकांनी लावली आणि मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजने पक्की केली. मी मनात मराठीत चिडते, पण याद्या इंग्रजीत करते. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांचा गठ्ठा माझ्या एप्रनच्या खिशात कायम असायचा. एका कार्डावर एक काम. झालं की कोपरा फाडायचा.

या देशात आल्यावर मी पहिली काही वर्षं स्लोटरडाइकला एका ऑफिसच्या इमारतीत कॅन्टीन सांभाळलं. इथले लोक दुपारी पाव आणि चीज खाऊन उठतात, गरम जेवण संध्याकाळी. त्यांना दुपारी गरम वरणभात खायला लावणं हे माझं काम. एक सहा फुटी साहेब रोज रांगेत येऊन फक्त ठेचा मागायचे. मला वाटलं, काय हिंमत आहे. मग एकदा पाहिलं, तर ते पावाच्या लोण्यावर ठेचा जॅमसारखा जाड पसरत होते. पहिल्या दिवशी ते रडले असणार. पण आपण घेतलंय ते संपवायचं, हा इथला धर्म. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "याची मोठी बरणी मिळते का?"

त्याच कॅन्टीनमध्ये एकदा आमटीची फोडणी करपली. दीडशे माणसं दारात. फेकायला वेळ नव्हता. मी एक कार्ड काढलं, त्यावर लिहिलं, 'आज फोडणी करपली आहे. चव कडसर लागेल. चूक माझी', आणि ते पातेल्याला टेकवून उभं केलं. त्या दिवशी आमटी नेहमीपेक्षा लवकर संपली. काहीजण म्हणाले, करपलेलीच रोज करा. तेव्हापासून माझा नियम झाला: कार्डावर जे, तेच ताटात. एकतीस वर्षं मी तो पाळला. पुढे मी माझा स्वतःचा धंदा काढला तेव्हा लोक मला त्याच नियमावरून ओळखत. "ताईंनी कार्डावर लिहिलंय ना, मग विचारायचं काय?"

आता ते जेवण.

युट्रेख्टच्या बाहेर एका खेड्यात हेंक नावाचे गृहस्थ राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, शेती मुलाला दिलेली, शिकारीचा परवाना अजून स्वतःकडे. हिवाळ्याच्या तोंडावर इथे शिकारीचा हंगाम असतो आणि त्या गावात दर वर्षी सगळे मिळून रानातल्या मांसाचं जेवण करतात. हेंकनी माझं जेवण कुठल्याशा लग्नात खाल्लं होतं. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे रानातलं काय खातात?"

मी त्यांना तुमच्या पणजोबांबद्दल सांगितलं. आबांचं गाव गडहिंग्लजच्या बाजूला. मी लहान असताना, कायदा कडक होण्यापूर्वी, आबा सशाची शिकार आणत. ती स्वयंपाकघरात जात नसे. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, आणि रस्सा करायचा तो पुरुषांनी. बायकांनी भाकरी थापायच्या आणि नाकाला पदर लावून नावं ठेवायची. मी उंबऱ्यावर बसून बघत असे. पंगतीचा एक नियम होता. बंदुकीच्या काडतुसात ज्वारीच्या दाण्याएवढे छर्रे असतात, ते मांसात शिरतात. कितीही बोटांनी चाचपून काढले तरी एखादा राहतोच. ज्याच्या घासात तो छर्रा येईल, त्याने तो ताटाच्या कडेला ठेवायचा, आणि मग त्याचा एक हुकूम. पंगतीतल्या सगळ्यांनी तो मानायचा, आबांनीसुद्धा. मी आठ वर्षांची असताना मला छर्रा सापडला आणि मी आबांना हुकूम दिला की आजची भांडी तुम्ही घासा. त्यांनी घासली. नंतर कायदा आला, आबांनी बंदूक जमा केली, ती प्रथाही संपली.

हेंक म्हणाले, "हे आपण इथे करू. अर्धं जेवण आमच्या मुलखाचं, अर्धं तुमच्या."

मी धंदा माझ्या स्वयंपाकघरातल्या मंगलच्या हाती देऊन निवृत्त होणार होते. म्हटलं, हे शेवटचं जेवण. मंडळाला विचारलं. कमिटीची बैठक व्हिडिओवर झाली. इथे रानहंस शेतं उद्ध्वस्त करतात म्हणून ते भरपूर मिळतात, तर मी पहिल्यांदा हंस सुचवला.

"ताई, सरस्वतीचं वाहन," एकजण म्हणाले. "मुलाची परीक्षा आहे माझ्या."

"मग रानडुक्कर?"

"वराह अवतार."

"हरिण?"

"सीतामाईंचं आठवतं हो उगाच."

"ससा?"

एकाने कॅमेरा बंद केला. मग सेक्रेटरी म्हणाले, "ससा चंद्रावर असतो."

"तेवढ्या उंचावरचा नाही घेणार," मी म्हटलं, आणि ठराव पास झाला.

साठ माणसं ठरली, बरीचशी आमची, बाकी हेंकच्या गावची, आणि जेवण त्यांच्या गावच्या हॉलमध्ये. पंधरा शाकाहारी, त्यांच्यासाठी अंगाला खाज आणणारा तो पाला, जो इथे कालव्याच्या कडेला माजतो. हातमोजे घालून खुडायचा, उकळत्या पाण्यात टाकला की खाज जाते, मग बेसन पेरून भाजी. बाकीच्यांसाठी रानातल्या सशाचा कोल्हापुरी तांबडा रस्सा आणि भाकरी, आणि हेंकच्या आईच्या पद्धतीचा डच सशाचा स्ट्यू. त्यात मांस व्हिनेगर, वाइन, तमालपत्र आणि लवंगांत दोन दिवस मुरवतात आणि शेवटी मसाल्याचा केक कुस्करून घालतात. रस दाट होतो. सोबत लाल कोबी आणि शिजवलेले नाशपाती. हेंक चौदा ससे देणार होते. मेनूकार्ड मी लिहिलं, तुमच्या आजोबांनी छापलं. 'रानातला ससा, याच मुलखातला'. खाली छर्रा आणि हुकुमाचा नियम. त्याखाली आजोबांनी मला न विचारता एक ओळ घातली: 'दात पडल्यास मंडळ जबाबदार नाही.'

जेवण शनिवारी दुपारी. तीन ससे बुधवारी आले, ते स्ट्यूसाठी लगेच मुरत घातले. अकरा यायचे होते. शुक्रवारी सकाळी हेंकचा फोन आला.

"मेवराऊ, धुकं आहे."

"मला दिसतंय."

"मला दिसत नाही. म्हणूनच फोन केला. दोन दिवस समोरचं काही दिसत नाही. दिसत नसताना बंदूक उचलायची नाही, हा आमचा नियम."

"बरोबर आहे तुमचं."

"ससे नाहीत."

इथे 'मेवराऊ' म्हणजे बाईसाहेब, आणि हेंक आणखी काही बोलत नाहीत. मी शिकारीचं मांस विकणाऱ्या तीन दुकानांना फोन केले. हंगाम होता. त्यांच्याकडे होते ते ससे हॉटेलांनी आधीच सांगून ठेवलेले. एका दुकानदाराने मात्र विचारलं, "शेतावर पाळलेले ससे आहेत, चौदा आहेत, आत्ता बांधून ठेवू का?"

मी मंगलकडे पाहिलं. मंगल सांगलीची, मुलाकडे राहायला आली आणि अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात राहिली. ती म्हणाली, "घ्या की वहिनी. डच लोकांत दोघांची दोन नावं असतील, मराठीत दोन्ही ससंच."

"कार्डावर रानातला लिहिलंय."

"आवं, कुणाला कळतंय? आपल्यातल्या कुणी खाल्लाय रानातला ससा? समदी कंप्युटरवाली पोरं. आन् डच लोकांच्या पुढ्यात खऱ्याचा स्ट्यू ठेवा, त्यांना वळखतं. रश्शाच्या तिखटापुढं त्यांची जीभ ऱ्हाणार हाय का?"

मीरा, ईशान, इथे नीट वाचा. करपलेल्या फोडणीचं कार्ड लिहिणारी बाई मीच होते. दोन ओळींचं काम होतं: 'धुक्यामुळे शिकार झाली नाही. रस्सा पाळीव सशाचा आहे.' मी ते कार्ड लिहिलंही, मराठी, इंग्रजी आणि डच, तिन्ही भाषांत, आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. पण शेवटचं जेवण होतं. सगळीकडे बोलबाला झाला होता. आपल्या माणसांना काय कळतंय, हे मंगल मोठ्याने म्हणाली. मी ते मनात म्हटलं. मी दुकानदाराला सांगितलं, बांधून ठेवा.

काम चोख केलं, एवढं सांगते. खऱ्या सशांच्या हाडांचा अर्क काढून तो रश्शात घातला. कांदा-खोबरं एरवीपेक्षा गडद भाजलं, रंग काळसर आला. स्ट्यूचं मांस हाडांवरून सोडवताना छर्रे निघाले. ते पुढे कामाला येतील, हे मला दोन तासांनी सुचलं. मंगलला विचारलं, छर्रे कुठे आहेत?

"मांसात खडं हुतं, त्ये हुय? टाकलं की."

"अगं, ते छर्रे होते. उद्या एक तरी कोणाला सापडायला हवा. पाळीव सशात कसा सापडेल?"

मंगलने विचार केला. "माझ्या सायकलीचं चाक उघडलं तर आतनं गोळ्या निघतील."

"माणसांचे दात आहेत ते, मंगल."

"मग नाय सापडला म्हणायचं. दरवर्षी लॉटरी लागतीच असं कुठाय?"

शनिवारी हॉल भरायच्या तासभर आधी एक उंच म्हातारे गृहस्थ थेट स्वयंपाकघरात आले. मफलर, हातात टोपी. युट्रेख्टला मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले, नाव वानखेडे, गाव अमरावती. आत येऊन त्यांनी आधी खिडक्या पाहिल्या, मग मागचं दार, मग पातेली.

"माफ करा बाई. सवय आहे. फॉरेस्टात होतो. मेळघाटाकडं."

"जंगल खात्यात?"

"रिटायर झालो. आयुष्यभर चोरून शिकार करणाऱ्यांना पकडलं. शिजलेलं मांस पकडायचं म्हणजे कठीण. पातेल्यात काय आहे ते सिद्ध करावं लागते. पुढं पुढं तर मी वासावरून सांगायचो." ते रश्शाच्या पातेल्याजवळ गेले आणि लहान मुलासारखे हसले. "पण बाई, एक घास कधी चाखला नाही. इतकं जप्त केलं, कधी बोटाला लावून जिभेवर ठेवलं नाही. मुलानं तुमचं कार्ड दाखवलं तसा म्हटलं, इथं कायद्यानं मिळते, तर एकदा खाऊन घ्यावं. त्यासाठीच मुक्काम वाढवून घेतला समजा."

मंगल भाकरी थापता थापता थांबली. मी खिशातल्या कार्डावर हात ठेवला. त्या वेळी ते काढून द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "बसा साहेब, वेळ आहे अजून."

योगायोगाने त्यांना जागा मिळाली ती मंडळाच्या टेबलावर, पाहुणे म्हणून बसवलेल्या हेंकच्या शेजारी. एकाने जन्मभर शिकार केली, एकाने जन्मभर शिकाऱ्यांना पकडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते, तर दोघं मोडक्या इंग्रजीत इतके रमले होते की शेजारचे लोक वळून पाहू लागले. हातवारे चालू होते. हेंकनी हवेत बंदूक धरली, वानखेड्यांनी त्यांची कॉलर धरली, दोघं हसले.

वाढप सुरू झालं. स्ट्यू मी डच टेबलांवर पाठवला. आमच्या मंडळींनी विचारलं तर म्हटलं, "फार गोडसर आहे तो, तुम्हाला नाही आवडायचा." एका खोट्याच्या पाठोपाठ दुसरं किती सहज आलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. रस्सा शाकाहारी सोडून सगळीकडे गेला. डच लोकांचे चेहरे लाल झाले, त्यांनी पाणी मागितलं आणि पुन्हा रस्सा मागितला. मंगलभोवती भाकरी बघायला गर्दी जमली. आमच्यातले एकजण हात चाटत म्हणाले, "ताई, हीच ती रानाची चव. पाळीवला ही येत नाही." मी त्यांना आणखी दोन तुकडे वाढले. एरवी मी माणशी पळ्या मोजते.

मग वानखेडे म्हणाले, "बाई, इकडं या बरं."

त्यांच्या हातात मांडीचं हाड होतं, नीट साफ केलेलं. ते त्यांनी उजेडात धरलं.

"हे पहा."

"पाहतेय."

"रानात पळते त्याचं हाड लांब असते, बारीक असते. हे पाहा किती आखूड." आवाज हळू होता, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असा. "हे जनावर आयुष्यात कधी पळालंच नाही, बाई. पिंजऱ्यात बसून खात होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला पडद्यावर दुसरंच काही दिसावं, तसा तो चेहरा होता. राग परवडला असता. मी कार्ड खिशातून काढलं. एवढं तरी माझ्या बाजूने लक्षात ठेवा, कार्ड बाहेर आलं होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी उभे राहून ओरडले, "अहो, छर्रा सापडला का कोणाला? की ताईंनी सगळे वेचून काढले?"

लोक ताटात शोधू लागले. "माझ्यात नाही." "माझ्यात तर मिरीच निघाली." एक डच बाई दुसऱ्यांदा ताट चाचपून म्हणाल्या, "चौदा सशांमध्ये एकही नाही? नवल आहे." सेक्रेटरी माझ्याकडे पाहू लागले. मी चष्मा लावला आणि कार्ड वाचायला तोंड उघडलं.

टण्.

वानखेड्यांच्या ताटाच्या कडेला छर्रा होता.

टाळ्या वाजल्या. छर्रा पाहायला लोक वाकले. मीही वाकले. मांसातून, आगीतून आणि तिखटातून आलेला छर्रा काळपट होतो. हा नव्या नाण्यासारखा चमकत होता. मी हेंककडे पाहिलं. हेंक हॉलच्या छताचं निरीक्षण करत होते आणि त्यांच्या कोटाचा खिसा उलटा बाहेर आलेला होता.

"हुकूम, हुकूम," लोक म्हणू लागले.

वानखेडे उठले. "माझा हुकूम असा की बाईंनी एप्रन काढून माझ्या शेजारी पंगतीत बसावं आणि जेवावं."

एकतीस वर्षांत मी वाढता वाढता कधी पंगतीला बसले नव्हते. बसले. हेंकनी मला खुर्ची दिली. मंगलने मला वाढलं, तेही मोजून. आजूबाजूचा गोंगाट पुन्हा सुरू झाल्यावर मी हळूच विचारलं, "साहेब, का केलंत असं?"

"पहिला गुन्हा दिसतो तुमचा. हात मघापासून खिशातल्या कार्डावर होता. सराईत कबुलीजबाब खिशात घेऊन फिरत नाही. पहिल्या गुन्ह्याला आम्ही समज देऊन सोडायचो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हेंकसाहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, ससे तीनच दिले म्हणून. ते म्हणाले, धुकं माझ्याकडून आलं, तिच्याकडून नाही. खिशातून छर्रा काढून मला दिला. आता मला सांगा, ते तीन कुठं आहेत?"

मी स्वतः उठले. स्ट्यूच्या पातेल्याच्या तळाशी एका माणसापुरतं उरलं होतं. ते वाटीत काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी वास घेतला, डोळे मिटून, बराच वेळ. मग एक घास घेतला. चावणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"वास ओळखीचा आहे," ते म्हणाले. "चव मात्र माहीत नव्हती."

"कशी आहे?"

"गोडसर आहे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. माझं वाक्य त्यांच्या टेबलापर्यंत पोचलं होतं तर. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. शेवटच्या घासाला त्यांनी तोंडातून काहीतरी काढलं, रुमालात ठेवलं आणि रुमाल खिशात घातला. मला वाटलं, हाडाचा कण असेल.

त्यानंतर मी निवृत्त झाले. पातेली, चिठ्ठ्या आणि हिरव्या पट्टीच्या पळ्या मंगलकडे गेल्या. मंडळात लोक अजून त्या जेवणाबद्दल बोलतात. एकजण तर घरी पाहुण्यांना सांगतात की पाळीव आणि रानातल्या मांसातला फरक पहिल्या घासाला कळतो. मी ऐकून घेते. खरं तर मला हसू यायला हवं, पण दरवेळी तो मांडीच्या हाडामागचा चेहरा आठवतो. आपल्या माणसांना काय कळतंय, असं ज्या दिवशी मी म्हटलं त्याच दिवशी ज्याला कळत होतं तो माणूस सात समुद्र ओलांडून माझ्या दारात आला होता, आणि त्याला मी आधी खोटं वाढलं.

या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी स्लोटरडाइकच्या ठेच्यावर लिहिणार होते. याद्या केल्या होत्या. मग अमरावतीहून पाकीट आलं. आत कोऱ्या कागदावर चिकटपट्टीने चिकटवलेला एक काळपट छर्रा. खाली तारीख, ठिकाण, सही. त्याखाली, खात्यातल्या वळणदार अक्षरात:

'मुद्देमाल क्रमांक एक. जप्त ठिकाण: हेंकसाहेबांच्या गावचा हॉल, स्ट्यूची वाटी, शेवटचा घास. बाई, त्या दिवशीचा हुकूम मी खोट्या छर्र्यावर दिला, तो धरायचा नाही. हा खरा आहे, याचा हुकूम बाकी आहे. झालं ते सगळं लिहून छापावं. पंगतीतल्या सगळ्यांनी हुकूम मानायचा असं तुमच्या कार्डावर छापलेलं आहे, आणि तुम्ही त्या दिवशी पंगतीत होता. मीच बसवलं होतं.'

मी तो कागद दोनदा वाचला. मग मंगलला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, पहिला हुकूम त्यानं ह्याच्यासाठीच दिला हुता तर."

तेव्हा मंडळातल्या सर्व खवय्यांनो, तो रस्सा पाळीव सशाचा होता. कार्ड माझ्याजवळ आहे, तिन्ही भाषांत, हवं त्याने येऊन वाचावं.

आणि वानखेडेसाहेब, हुकूम मानला. छर्रा मात्र परत मिळणार नाही. मुद्देमाल आता आरोपीच्या ताब्यात आहे, आणि उन्हाळ्यात मीरा आणि ईशान जेवायला येणार आहेत.